हानेसावाचा खारट ढोल

मित्रांनो, मी एक जुना, खारट आणि भलताच उतावळा ढोल आहे. एका जागी स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. त्यात माझा दोष अर्धाच. उरलेल्या अर्ध्याची वाटणी एका पिंपात आणि एका घोडीत करावी लागेल, आणि ती आधीच करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना अडायला नको.

जपानमधल्या इवातेच्या डोंगरांत हानेसावा नावाची आमची वस्ती आहे. तिथे मोसाकू नावाचा कारागीर लाकडी पिंपं बांधायचा. कुणाला लोणच्याचं, कुणाला अंघोळीचं, कुणाला सोयाबीन आणि मिठाचा मिसो मुरवायचं. माझा धनी सेइझो एकोणीस वर्षांचा झाला आणि वस्तीच्या नाचात त्याला जागा मिळाली, तेव्हा त्याच्या वडिलांनी मोसाकूला ढोल करायला सांगितला. तोही महिन्याभरात हवा होता. मोसाकूकडे देवदाराची वाळलेली एकही फळी शिल्लक नव्हती. नवं लाकूड तोडून वाळवायचं म्हणजे दोन वर्षं गेली. त्याने मान खाजवली, मागच्या खोपटात गेला आणि चाळीस वर्षं मिसो मुरवून म्हातारं झालेलं एक पिंप सुटं करून घेऊन आला.

"लाकूड ते लाकूडच," तो म्हणाला. "ओढ्यात चार दिवस घातलं की झालं."

चार दिवसांत चाळीस वर्षांचं मीठ निघणार असतं तर आणखी काय हवं होतं! त्याने फळ्या तासल्या, कडा तिरक्या केल्या, एकीला एक लावून गोल सांगाडा उभा केला आणि बाहेरून बांबूच्या विणलेल्या कड्या ठोकून बसवल्या. खिळा एकही नाही. काम नेटकं होतं, त्याबद्दल मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मीठ आत राहिलं ते राहिलंच.

कातडं घोडीचं. ती डोंगरातून ओंडके ओढायची. तिला उभं राहणं ठाऊक नव्हतं, ठाणावर बांधली तरी खूर आपटत राहायची, असं सांगतात. ते कातडं भिजवलं, केस खरवडले, फळीवर ताणून वाळवलं आणि दोन लोखंडी कड्यांवर शिवलं. एक कडं माझ्या या तोंडावर, दुसरं त्या तोंडावर, आणि दोन्हींच्या मधून एक लांबलचक दोरी, वर खाली, वर खाली, सगळ्या अंगाभोवती. ही दोरी ओढली की कातडं ताणतं आणि आवाज चढतो. सोडली की उतरतो. माझं सगळं आयुष्य या दोरीवर चाललं आहे, तेव्हा तिच्याकडे लक्ष असू द्या. पुढे एका बाजूचं कातडं दोनदा बदललं. दुसऱ्या बाजूला मात्र अजून ती घोडीच आहे, आणि ती अजून खूर आपटते.

आमचा नाच हरणांचा. आठ जण डोक्यावर शिंगं चढवतात, तोंडापुढे कापडाचा पडदा सोडतात, पाठीवर पांढऱ्या कागदाने मढवलेले दोन उंच बांबू बांधतात आणि पोटावर आम्हाला. नाचायचं त्यांनीच, गायचं त्यांनीच, वाजवायचंही त्यांनीच. ऑगस्टमध्ये ओबोनचे दिवस येतात, मेलेली माणसं आपापल्या घरी परततात. ज्या घरचं माणूस त्या वर्षी गेलेलं असेल, त्या घराच्या अंगणात आमची आठ हरणं जातात. घरची मंडळी ओसरीवर ओळीने बसतात, मागे पूर्वजांचा देव्हारा उघडा असतो, आणि नाच संपला की सगळे वाकून नमस्कार करतात. गेलेल्या माणसाचा हा पहिला पाहुणचार. तो चुकला तर घरच्यांना वर्षभर चैन पडत नाही.

आभाळ कोरडं असलं की माझ्यासारखा आवाज आठांत कुणाचा नव्हता, हे मी फुशारकीने सांगत नाही, बायका सांगायच्या. "सेइझोचा ढोल वाजला की कुणीतरी दार ठोकल्यासारखं होतं," असं म्हणून डोळे पुसायच्या. पण ढग आले की झालं माझं हसं. अंगातलं मीठ ओल ओढून घ्यायचं, कातडं ढिलं पडायचं आणि मी आजारी बैलासारखा हंबरायचो. तोराओ नावाचा सेइझोचा शाळेपासूनचा दोस्त नाचाचा म्होरक्या होता. तो सगळ्यांदेखत म्हणायचा, "छत्री घ्यायची का, ते सेइझोच्या ढोलाला विचारा रे!"

म्हणून मला इतर ढोलांपेक्षा दुप्पट वेळा ताणावं लागे. ताणायला माणसं दोन लागतात. एकाने जमिनीवर बसून माझ्या काठाला पाय लावायचा आणि दोरी मागे खेचायची. दुसऱ्याने लाकडी मोगरीने दोरीवर ठोकत जायचं, म्हणजे मधला ढिलेपणा सरकत सरकत पुढे येतो. सुरुवातीला ठोकायचं काम सेइझोच्या बायकोचं, योशिनोचं होतं. तिचं मनगट दुखायला लागलं तेव्हा चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात मोगरी आली. सातोए तिचं नाव. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर तेच संभाषण व्हायचं.

"ठोक!"

"ठोकतेय."

"अगं, दोरीवर! माझ्या बोटावर नाही!"

"मग बोट काढा की, बाबा."

नाचात मुलींना घेत नसत. का घेत नसत, ते कुणी सांगत नसे आणि सातोएने कधी विचारलं नाही. ती ठोकून द्यायची आणि नाच बघायला अंगणाच्या कडेला उभी राहायची. उभी राहून बोटांनी मांडीवर ताल धरायची. नाचाच्या गर्दीत मला ते दिसत नसे, पण घरी सराव चालायचा तेव्हा तिच्या बोटांची टकटक माझ्या कातड्यावर यायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

आता आमच्या वस्तीची रीत ऐका. वाजवून झालं की दोरी सैल करायची. ताणलेलं कातडं तसंच ठेवलं तर एखाद्या कोरड्या दिवशी फाटतं, हे सगळ्याच ढोलांचं आहे. पण हानेसावात त्याच्यापुढे आणखी एक कलम होतं, आणि तोराओ ते मंत्रासारखं म्हणायचा: "ज्याने ताणला, त्यानेच सोडायचा." दुसऱ्याच्या ढोलाची दोरी सोडणं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगणं, बाबा रे, तुझं नाचणं संपलं. सेइझो या बाबतीत काटेकोर होता. शिंगं उतरवली, घाम पुसला, की पहिलं काम माझी दोरी. मग ओसरीवर पाय सोडून जवाचा गार चहा. साठ वर्षांत हा क्रम त्याने कधी मोडला नाही. एकदाच मोडला.

तो दिवस मागच्या ऑगस्टमधला. उन्हाने दगड तापले होते. सेइझो ऐंशीला टेकला होता, तरी सलग तीन अंगणांत नाचून आला होता. ओसरीवर टेकला, मला मांडीवर घेतलं आणि गाठीला हात घातला. गाठ दोनदा निसटली. सातोए चहाचा पेला घेऊन आली.

"आधी चहा घ्या, बाबा. दोरी काही पळून जात नाही."

त्याने तिच्याकडे बघितलं, हसला आणि पेला घेतला. दोन घोट घेतले असतील. मग पेला माझ्या कातड्यावर पडला, चहा सांडला, आणि उजवा हात तसाच लोंबत राहिला. पुढे काय झालं ते मला आवाजांनीच कळलं. योशिनोची हाक, धावणारी पावलं, गाडी. मला कुणीतरी उचलून आतल्या खोलीत खुंटीला टांगलं. तसाच, ताणलेला.

मित्रांनो, ताणलेल्या ढोलाचे हाल तुम्हाला ठाऊक नसतील. सैल असलो की मी झोपतो. ताणलेला असलो की जगातला एकूण एक आवाज माझ्या अंगावर येऊन आदळतो. दुपारी बारा वाजता वस्तीच्या भोंग्यावर गाण्याची धून वाजे, मी थरथरे. घासलेटवाल्याची गाडी गाणं लावून घाटाखालून येई, मी हुंकारे. कावळा छपरावर उतरला तरी मला कळे. मांजर शिंकलं तरी कळे. दिवसाला शंभरदा मला वाटे की आता कुणीतरी टिपरू उचलणार, आता निघायचं, आणि कुणीही उचलत नसे. ती घोडी माझ्या पाठीशी खूर आपटत होती आणि मला दार सापडत नव्हतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मी खुंटीवर गुणगुणत राहिलो. योशिनो तर मला उत्तर द्यायला लागली. बर्फाचा लगदा छपरावरून धप्प करून पडे, मी हूं करे, आणि ती स्वयंपाकघरातून विचारे, "काय रे?"

सातोए तीस वर्षांची असताना सासर सोडून आई-बापाकडे राहायला आली होती. शहरातल्या एका शाळेत मुलांचं जेवण रांधायची. आता काम संपलं की ती रोज दवाखान्यात जाऊन घरी येई. सेइझो जिवंत होता, पण उजवं अंग गेलं होतं आणि जिभेवर एखाददुसराच शब्द येई. डावा हात तेवढा चालत होता. या डाव्या हाताची सगळी वस्ती थट्टा करायची, कारण वाजवताना तो नेहमी केसभर उशिरा पडायचा. तोराओ त्याला आळशी हात म्हणायचा. शेवटी तो आळशीच कामाला राहिला.

एका संध्याकाळी मायलेकी चुलीपाशी बसून मुळे कापत होत्या. सुरीचा प्रत्येक ठोका मला ऐकू येत होता.

"आज पुन्हा विचारलं बाबांनी," सातोए म्हणाली. "दोरी? एवढंच. डोळे वटारून."

"मग तू काय म्हणालीस?"

"सोडली म्हणाले."

सुरी थांबली. "अगं, खोटं बोललीस? आजारी माणसाशी?"

"मग काय सांगू? तशीच आहे म्हणू?"

"मग सोड ना जाऊन! इथेच तर लटकलाय."

"कशी सोडू, आई? त्यांची दोरी मी सोडायची म्हणजे काय, ते तुला कळत नाही का? ते बरे होऊन येणार आहेत. येतील, शिव्या देतील आणि स्वतः सोडतील." सुरी पुन्हा चालू झाली, आणि ती म्हणाली, "त्या दिवशी सोडतच होते. मीच म्हटलं, आधी चहा घ्या."

योशिनोने कापलेले मुळे पातेल्यात लोटले. दुसऱ्या दिवसापासून तिने माझ्या खोलीतल्या शेगडीवर पाण्याची किटली ठेवायला सुरुवात केली. घसा कोरडा पडतो म्हणून, असं ती शेजारणीला सांगे. ती त्या खोलीत बसत नसे, झोपत नसे, तरी किटली रोज भरे. हिवाळ्यातली कोरडी हवा मला आवळत होती. शिवणीतून एकदा टक् असा आवाज आला तेव्हा मी स्वतः घाबरलो. पण त्या वाफेतली ओल माझं मीठ गुपचूप ओढून घेई आणि कातड्याला सुईच्या टोकाएवढी सवड मिळे. ज्या मिठाने जन्मभर माझं हसं केलं, त्याच्या जिवावर मी हिवाळा काढला.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी फोन वाजला. मी खणखणलो. योशिनोने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग आत येऊन तिने माझ्यावर तळहात ठेवला. हात ठेवला की ढोलाचा आवाज बंद होतो. सेइझो गेला होता, आणि सोडली या शब्दावर विश्वास ठेवून गेला होता. मी मात्र ताणलेलाच होतो.

जूनमध्ये भाताची लावणी उरकली आणि तोराओ आमच्याकडे आला. बरोबर नाचातले दोघे होते. त्यांनी दिवसभर फक्त "हं" म्हणायचं काम केलं, म्हणून त्यांची नावं सांगत नाही. योशिनोने चहा आणि मुळ्याच्या लोणच्याचे काप पुढे केले.

"योशिनो, यंदा नाच नाही," तोराओ म्हणाला. "सगळ्यांचं ठरलं."

"सगळ्यांचं म्हणजे?"

"माझं ठरलं. म्हणजे सगळ्यांचं."

"हं," म्हणाले दोघे.

"यंदा आमच्या घरचा पहिला ओबोन आहे, भावजी," योशिनोने पेला खाली ठेवला. "साठ वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी घाम गाळत नाचला. आणि त्याच्यासाठी कुणीच नाचायचं नाही?"

तोराओने लोणच्याचा काप उचलून परत ठेवला. "आठवा कुठून आणू? शहरात गेलेली पोरं येत नाहीत. सात हरणांचा नाच नसतो, तो घोळका असतो. आणि हा ढोल. ज्याने ताणला तो गेला. आता सोडणार कोण? आज ना उद्या आपोआप फाटेल. फाटला की देवळात नेऊन जाळू. अगदी रीतसर."

रीतसर! खुंटीवर माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला ओरडायचं होतं. मी नुसताच गुणगुणलो, कारण तेवढ्यात दार सरकलं होतं. सातोए शाळेतून आली होती. डोक्यावरची पांढरी टोपीही काढली नव्हती. तिने बाहेरूनच सगळं ऐकलं असावं.

"काका," ती म्हणाली, "ढोल ताणायला माणसं किती लागतात?"

"दोन. हे काय विचारणं झालं?"

"एक ओढतो, एक ठोकतो. बरोबर?"

"बरोबर."

"मग हा ढोल ताणताना ठोकायला कोण होतं?"

योशिनोनेच उत्तर दिलं. "पस्तीस वर्षं हीच होती. नवऱ्याचं घर सोडून आली त्या दिवशीसुद्धा आधी ढोल ठोकला आणि मग रडली."

"ज्याने ताणला त्यानेच सोडायचा, हीच रीत ना?" सातोए म्हणाली. "मग मी ताणलाय. बाबांच्या बरोबरीने. तो सोडायचा हक्क माझा आहे, आणि मला तो गेल्या ऑगस्टमध्येच कळायला हवा होता. दवाखान्यात मी बाबांना सांगितलं, सोडली म्हणून. रोज विचारायचे, रोज सांगितलं. ते खोटं घेऊन गेले ते. आता कुणी काही म्हणा."

"कुठे शिकलीस ही वकिली?"

"तुमच्याच तोंडून रीत ऐकत मोठी झाले."

तिने मला खुंटीवरून उतरवलं, चटईवर ठेवलं आणि गाठीला नख लावलं. गाठ लाकडासारखी घट्ट झाली होती. ती ओढायला लागली आणि माझी एक बाजू करकरली.

"अगं ए, थांब!" तोराओ गुडघ्यांवरच पुढे आला. "दहा महिने आवळलेला ढोल असा एका अंगाने सोडतात होय? फाडशील त्याला! सरक. गाठ भिजव आधी. तू तिकडून, मी इकडून. मी एक वेढा सोडला की तू एक. घाई केलीस तर मार खाशील."

"हं," म्हणाले दोघे, आणि एकाने पाणी आणलं.

मग ती दोघं समोरासमोर बसली आणि मी त्यांच्या मधे. एक वेढा इकडून, एक तिकडून. प्रत्येक वेढ्याला माझ्यातला एकेक आवाज निघून जात होता. आधी कावळा गेला, मग ओढा गेला, मग भोंगा. तोराओचा श्वास जवळून येत होता.

"दुसरा कुठलाही ढोल असता तर फेब्रुवारीतच फाटला असता," तो पुटपुटला. "मोसाकूच्या मिठाने तारलं बघ याला." आणि मग, आणखी हळू, "मीही सोडू शकलो असतो गं. मन झालं नाही. त्याची दोरी मी सोडली असती, तर सेइझो गेला हे मीच म्हटल्यासारखं झालं असतं."

सातोएच्या हातावर काहीतरी टपकलं. कुणाच्या डोळ्यातलं, ते मी सांगणार नाही. शेवटचा वेढा सुटला आणि मला झोप लागली. दहा महिन्यांतली पहिली.

ती झोप मला फार दिवस मिळाली नाही. तोराओ जाता जाता दारात थांबला होता, आणि पुढचं मी अर्धवट झोपेत ऐकलं. "मांडीवर ताल धरायचीस लहानपणी. अंगणाच्या कडेला उभी राहून. मला दिसायचं. वाजव बघू, इथे, चटईवर." सातोएने बसल्या जागी पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत सगळा नाच बोटांनी वाजवला. तोराओने डोळे मिटून ऐकला.

"डावा हात आळशी आहे," तो म्हणाला. "बापासारखाच. रविवारी सरावाला देवळाच्या अंगणात ये."

जुलैभर माझी धावपळ उडाली. पन्नाशीला आलेली बाई पहिल्यांदाच शिंगं चढवते म्हटल्यावर कुणाला हसू आवरेना. बांबू पाठीवर घेऊन वाकताना ती दोनदा तोंडावर पडली, म्हणजे माझ्यावरच पडली. कोपर सुजलं, कमरेला फडकं बांधलं. नाचातल्या बाकीच्या सहा जणांतला एक म्हणाला, "शाळेत भाताची पातेली उचलणं सोपं, नाही?" ती म्हणाली, "तुम्ही उचलून बघा, मग शिंगं हलकी वाटतील." मला मात्र वेगळीच धास्ती होती. माझं मीठ. ऑगस्टात पाऊस आला तर काय करायचं? मी त्या बाईचं हसं तर करणार नाही ना?

आणि ओबोनच्या दिवशी सकाळीच ढग आले! माझं कातडं भिजलेल्या भाकरीसारखं मऊ पडलं. आमच्याच घराच्या पायरीवर सातोएने मला तीन वेळा ताणलं. यंदा ओढायला ती बसली होती, माझ्या काठाला पाय लावून. मोगरी तोराओच्या हातात होती.

"ठोका!"

"ठोकतोय."

"अहो काका, दोरीवर! माझ्या बोटावर नाही!"

"मग बोट काढ की."

ओसरीवर योशिनोला हुंदका आला की हसू, ते मला ओळखता आलं नाही.

दुपारी आठ हरणं आमच्या अंगणात शिरली. ओसरीवर एकटी योशिनो बसली होती, काळा किमोनो नेसून, मागे उघडा देव्हारा आणि सेइझोचा फोटो. शेजारीपाजारी कुजबुजले. बापाच्या पहिल्या ओबोनला लेकीने आईशेजारी बसायला हवं, आणि ही बघा, अंगणात शिंगं घालून! ते मला ऐकू आलं, सातोएलाही आलं असणार. मग तोराओने पहिला ठोका दिला आणि मी सुटलो. घोडी सुटली म्हणा. ढग होते, ओल होती, आवाज काही मला हवा तेवढा चढला नाही, खरं सांगतो. पण आठ ढोल एका दमात वाजत होते, पांढरे बांबू वाकून जमिनीला लागत होते आणि उठत होते. आणि दर सातव्या ठोक्याला डावं टिपरू केसभर उशिरा पडत होतं.

योशिनोने मान वर केली. बघत राहिली. मग मागे वळून फोटोकडे बघत मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकलंत का? हात अजून तसाच आहे." आणि कपाळ चटईला टेकवून वाकली ती नाच संपेपर्यंत उठलीच नाही.

नाच संपला. सातोए ओसरीवर आली, शिंगं उतरवली. केस घामाने चिकटले होते, ओठ सुकले होते. मला मांडीवर घेऊन ती बसली, त्याच जागी, जिथे मागच्या वर्षी सेइझो बसला होता. तोराओने गार चहाचा पेला तिच्यापुढे धरला.

"घे बाई. पडशील उकाड्याने."

तिने पेल्याकडे बघितलं. हातही लावला नाही. आधी माझी गाठ धरली. तोराओला काय उमगलं कोण जाणे. त्याने पेला खाली ठेवला, समोर गुडघे टेकले आणि दुसरी बाजू धरली. एक वेढा तिकडून, एक इकडून. शेवटचा वेढा सुटला तेव्हा तिने देव्हाऱ्याकडे तोंड केलं.

"बाबा, दोरी सोडली," ती म्हणाली. मगच तिने पेला उचलला.

मित्रांनो, तुमच्याकडेही ढोल असतील. आम्हाला पुसा, उन्हात ठेवू नका, उंदरांपासून जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनंती एवढीच. वाजवून झालं की हात दुखत असतील, घसा कोरडा पडला असेल, आणि कुणीतरी मायेने पेला पुढे करील. त्यांना म्हणा, जरा थांबा. आधी दोरी सोडा. चहा मागून प्या.